शेव्हरोलेशेजारचा माणूस

रविवारी सकाळी चहा व्हायच्या आतच कमळाकरच्या मोबाइलवर त्याच्या वडिलांची गाडी आली, आणि तिच्याशेजारी वडील नव्हते. गाडी तीच होती, त्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. डाव्या मडगार्डला वाटीएवढा पोचा, रेडिएटरच्या झाकणाला बांधलेली चिंधी, उजव्या दिव्याची काच गेलेली. गाडीला टेकून उभा असलेला माणूसही तोच होता, म्हणजे गळ्यापर्यंत तोच. तोच बंद गळ्याचा कोट, तिसरं बटण तुटलेलं, तेच धोतर, तेच पंपशू. मानेच्या वर मात्र भलताच इसम होता. रुंद जबड्याचा, बसक्या नाकाचा, कॅमेऱ्याने काही बिघडवल्यासारखा त्याच्याकडे रागाने बघणारा. खाली लिहिलं होतं, 'आमचे आजोबा. गाडी कुठली, कोणत्या सालची, ते काकांनी सांगावं.' काका म्हणजे कमळाकर. 'जुनी चाकं' नावाच्या त्या ग्रुपवर पुण्याचे, नाशिकचे, कोल्हापूरचे पन्नासेक लोक होते आणि सगळे त्याला काकाच म्हणत. कमळाकरने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. हॉलच्या भिंतीवर, टीव्हीच्या वर, काळ्या फ्रेममध्ये वडील आपल्या जागी होते. अरुंद चेहरा, बारीक मिशी, काळी टोपी, डोळ्यांत थोडासा संकोच. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा मोबाइलकडे आणि पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

जुन्या फोटोंतल्या गाड्या ओळखणं हे कमळाकरचं व्यसन होतं, आणि त्यात तो कुणाला ऐकत नसे. कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये नोकरी झाली, निवृत्तीनंतर करंजाड्याच्या या फ्लॅटमध्ये आईला आणि बायकोला घेऊन राहायला आला, आणि सकाळचा पेपर संपला की उरलेला दिवस इतरांच्या खापरपणजोबांच्या गाड्यांवर घालवू लागला. लोक फोटोबरोबर हटकून एक गोष्ट पाठवत. ही गाडी संस्थानिकांनी भेट दिली, ही पणजोबांच्या लग्नात वऱ्हाडाला होती. कमळाकर गोष्टीकडे ढुंकून बघत नसे. तो चाकांकडे बघे. आरे लाकडाचे की तारेचे, पुढच्या चाकांना ब्रेकचे ड्रम आहेत की नाहीत, बॉनेटच्या फटी उभ्या की आडव्या, रेडिएटर पितळी की काळा. मग दोन ओळींत निकाल देई की गाडी अमुक सालची आहे आणि पणजोबांचं लग्न तिच्या आधी पाच वर्षं उरकलेलं होतं. लोकांना राग येई. कमळाकरला त्या रागात एक बारीक सुख मिळे, ते तो कबूल करत नसे एवढंच. माणसं फोटोत खोटं उभं राहतात, पोट आत घेतात, उसनं घड्याळ बांधतात, पण गाडीला पोट आत घेता येत नाही, असं तो मालूला सांगे. मालू, त्याची बायको, भाजी निवडत ऐकून घेई आणि काही बोलत नसे. आता आठवताना त्याला वाटलं, या विषयावर ती कधीच काही बोलली नव्हती.

वडिलांचा हा एकच फोटो. कमळाकर रांगत होता तेव्हा ते तापाने गेले. लहानपणी घरात त्यांची म्हणून एक वस्तू नव्हती. पितृपक्षात इतरांच्या घरी फोटोसमोर पान वाढत, त्यांच्याकडे आई नुसत्या पाटासमोर वाढायची आणि त्या रिकाम्या पाटाकडे बघून कमळाकरला आधी भीती आणि मग राग यायचा. शाळेत कुणी वडील कसे होते विचारलं तर तो मास्तरांसारखे म्हणून सांगे, कारण मास्तर तेवढे जवळ होते. पॉलिटेक्निकला असताना एके दिवशी संध्याकाळी तो घरी आला तर पनवेलच्या खोलीत खिळ्याला हा फोटो. आई म्हणाली, मामाकडच्या ट्रंकेत निघाला, मोठा करून घेतला. तो किती वेळ फोटोसमोर उभा होता कोण जाणे. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या आणि सगळ्यांनी एकच म्हटलं, पोरगा बापाच्या वळणावर गेला. त्या वाक्यावर कमळाकर पुढची कित्येक वर्षं जगला. वडील गाडी चालवत असत हेही त्याने त्याच दिवशी ठरवून टाकलं. आई त्यावर हो म्हणाली नव्हती. नाहीही म्हणाली नव्हती. ती कुठली गाडी हे शोधता शोधता तो मोटारींच्या नादी लागला, पुस्तकं जमवू लागला, कारखान्यात चिकटला, आणि शेवटी एक दिवस छातीठोकपणे म्हणू शकला की शेव्हरोले सुपिरियर, पंचवीसची. ग्रुपवर त्याने हजारेक गाड्या ओळखून दाखवल्या असतील, पण हा फोटो कधी टाकला नाही. तो लोकांच्या जिभेवर घालायचा नव्हता. आता कुणीतरी तो बाहेर काढला होता आणि त्यावरचं डोकं बदललं होतं. तो खरा ठरला आणि भिंतीवरचा खोटा, तर कमळाकरला बाप उरत नव्हता, इतकं ते सरळ होतं.

फोटो पाठवणारा शैलेश. करंजाड्याला लागूनच असलेल्या गावातला, जमीन गेली आणि मोबदला आला त्या पिढीतला, आता बांधकामाच्या धंद्यात. कमळाकरने चहा गार करत त्याच्याविषयी जे जे वाईट विचार करता येतात ते केले. बंगला झाला, दारात दोन गाड्या झाल्या, आता यांना आजोबाही गाडीवालेच लागणार. हल्ली मोबाइलवर कुणीही कुणाचंही डोकं कुणाच्याही धडावर बसवतं. ते एक वेळ समजलं. पण वडिलांचा फोटो त्याच्या हातात गेला कसा? घरातून गेल्याशिवाय जाणार नाही. कमळाकरने कामोठ्याला सुनेला फोन लावला. अंकिताने दिवाळीत इथे येऊन घराचे फोटो काढले होते आणि ते कुठेकुठे टाकले होते. ती झोपेतून उठून म्हणाली की बाबा, मी पणत्यांचे फोटो टाकले, आजोबांचे कशाला टाकू. तिच्या आवाजात काही लपवल्यासारखं आहे का हे त्याने कान देऊन ऐकलं. होतं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, झोपेतून उठवलं की सगळ्यांचाच आवाज तसा होतो.

मग उरली मालू. त्याने तिला मोबाइल दाखवला तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिने स्क्रीनवर नजर टाकली, म्हणजे टाकल्यासारखी केली, आणि म्हणाली, "गाडीचं नाव सांगा आणि मोकळे व्हा." आश्चर्य नाही, प्रश्न नाही. अगं, हे बाबांचं अंग आहे, तो म्हणाला. ती म्हणाली, असेल तसाच दुसरा कोट. कोटाबद्दल तो काही बोललाच नव्हता. कमळाकर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिच्या लाटण्याकडे बघत राहिला. एकेक गोष्ट आठवू लागली आणि आठवेल ती संशयाची निघू लागली. हा फोटो स्कॅन करून आणतो म्हटलं की मालू म्हणायची, काच काढताना फाटेल. फ्रेम बदलू म्हटलं की म्हणायची, आहे ती काय वाईट आहे. नवीन घरात आल्यावर तिने हा फोटो आतल्या खोलीत लावायचं सुचवलं होतं, आणि त्याने हट्टाने हॉलमध्ये लावला होता. इतकी वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवलो ती या फोटोविषयी काहीतरी जाणून आहे, हे त्याला एकदम ठळक दिसलं. कुणाला दिला का तू हा फोटो, असं त्याने विचारलं. तिने लाटणं थांबवलं नाही. एवढंच म्हणाली की त्या माणसाकडे जाऊ नका. आता जायलाच हवं होतं.

त्याने फ्रेम खिळ्यावरून काढली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि रिक्षा केली. मांडीवर फ्रेम घेऊन बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की वडिलांना आपण पहिल्यांदाच कुणाच्या घरी नेतो आहोत, आणि त्या विचाराने त्याला रडू यायला लागलं म्हणून त्याने रिक्षावाल्याशी खड्ड्यांवरून वाद घातला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टॉवर उभे होते, त्यांच्या मध्ये अचानक गाव लागलं, आणि गावात देवळामागे शैलेशचा बंगला. गुलाबी संगमरवर, दारात गणपती, आत एसीचा गारवा. शैलेश चाळिशीचा, गळ्यात चेन, पण बोलायला गोड. त्याने वाकून नमस्कार केला, काका स्वतः आले म्हणून दोनदा कोल्ड्रिंक मागवलं आणि उत्साहाने सांगू लागला की हा फोटो मोठा करून जिन्याच्या भिंतीवर काढून घेणार आहे, आणि गाडीचं नाव कळलं तर तसलीच एखादी मिळते का बघायची आहे, आजोबांची आठवण म्हणून. कमळाकरने कोल्ड्रिंकला हात लावला नाही. चादर सोडली आणि फ्रेम टीपॉयवर ठेवली. शैलेशने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो आत गेला आणि भिंतीवरची आपली फ्रेम घेऊन आला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. दोन गाड्या, दोन चिंध्या, दोन तुटकी बटणं. शैलेशची फ्रेम मोबाइलवरची नव्हती, कित्येक वर्षांची होती, कडेला वाळवीने खाल्लेली. म्हणजे हा माणूस खोटं बोलत नव्हता. कमळाकरला वाटलं होतं की तो खोटं बोलत असेल तर बरं होईल.

कोपऱ्यात सोफ्यावर पाय वर घेऊन एक म्हातारी बसली होती. शैलेशची आत्या, भामा. कानाने थोडी कमी, डोळ्यांनी चांगली. ती उठून आली आणि दोन्ही फोटोंवरून हात फिरवून हसली.

"टपाल नाक्याचा फोटूवाला," ती म्हणाली. "मना ठाव हाय. मी व्हते ना आयेच्या संगती."

मग तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. तिचा बाप गेला तेव्हा त्याचा एकट्याचा फोटो नव्हता. मिठागरावर दहा-बारा जणांचा एक होता, साहेबाने काढलेला. तो घेऊन तिची आई पनवेलला फोटोवाल्याकडे गेली. त्याच्याकडे दोन मोठे फोटो तयार असत. एकात खुर्चीवर कोट घालून बसलेला माणूस, दुसऱ्यात गाडीला टेकून उभा असलेला. मेलेल्याचं डोकं कापून त्यावर चिकटवायचं, सांधा ब्रशने रंगवायचा, पुन्हा त्याचा फोटो काढायचा. सगळ्या तालुक्यात तसे फोटो होते. कुणी लपवत नसे, सांगतही नसे. मेलेल्या माणसाला चांगले कपडे घालतात तसंच ते होतं.

"आयेला इचारलं, खुर्ची का गाडी? आये बोलली, जलमभर पायी चालला, गाडी द्या."

शैलेश म्हणाला, आत्या, हे तू कधी सांगितलं नाहीस. ती म्हणाली, कोनी इचारलं? शैलेशने ओशाळं हसून जिन्याच्या भिंतीकडे पाहिलं. कमळाकरला मात्र थोडं हलकं वाटलं. अंग उसनं असेल, गाडी उसनी असेल. ज्या गाडीसाठी आयुष्य घातलं ती वडिलांची नव्हती हे गिळायला वेळ लागणार होता, पण डोकं तर त्यांचं होतं. चेहरा तर खरा होता. त्याने म्हातारीला तसं म्हटलंही की चला, निदान चेहरा तरी आहे आमच्याकडे. म्हातारीने त्याची फ्रेम उचलून डोळ्यांजवळ धरली, मग त्याच्याकडे बघितलं, मग पुन्हा फ्रेमकडे. तिला काही कळेना असं दिसलं.

"पन यो तं तुमीच हाय."

तो माझा बाप आहे, कमळाकर म्हणाला. आम्ही दिसायला सारखे. म्हातारीने मान हलवली. तिला त्याचं मन मोडायचं नव्हतं, पण खोटंही बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, ज्यांच्याकडे मेलेल्याचा काहीच फोटो नसे ते त्याच्या भावाला नाहीतर पोराला न्यायचे. पोरगा मोठा झाला की त्याचा फोटो लावायचे, मिशी काढायचे, टोपी घालायचे. पलीकडच्या आळीतल्या बाईने नवरा म्हणून दिराचा फोटो लावला होता आणि दीर रोज समोर बसून जेवायचा. "तुमचे कानाला बगा," म्हातारी म्हणाली आणि स्वतःच बोट ठेवून दाखवलं. फोटोतल्या माणसाच्या उजव्या कानाची पाळी खाली सुटी नव्हती, गालाला चिकटलेली होती, डाव्या कानाची सुटी होती. कमळाकरने हात वर नेला नाही. आपले कान कसे आहेत ते त्याला माहीत होतं. पॉलिटेक्निकच्या ओळखपत्रासाठी आईने त्याला नवा सदरा घालून टपाल नाक्यावर नेलं होतं. फोटोवाल्याने मान थोडी डावीकडे, हनुवटी खाली, असं बराच वेळ छळलं होतं, आणि आई शेजारी उभी राहून फोटोवाल्याला म्हणाली होती की आणखी थोडी खाली. ओळखपत्राच्या फोटोला एवढं काय, असं तेव्हा त्याला वाटलं होतं आणि तो वैतागला होता. शेव्हरोलेच्या चाकातले आरे मोजत ज्याने इतकी वर्षं घालवली त्याने त्याच फोटोत एक वीत वर बघितलं नव्हतं. हसू यावं अशी गोष्ट होती आणि कमळाकरला कुणीतरी हसलं असतं तर हवं होतं. कुणी हसलं नाही. शैलेशने फ्रेम पुन्हा चादरीत गुंडाळून दिली आणि स्वतःच्या गाडीने घरी सोडलं.

मालू दार उघडून बाजूला झाली. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणला. तो खुर्चीत बसला. तुला माहीत होतं, त्याने विचारलं, विचारलं नाहीच, म्हटलं.

"पहिल्या दिवसापासून," मालू म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, सासऱ्यांच्या पाया पड. वर बघितलं तर तुम्ही."

ती सांगत गेली आणि सांगताना तिला बरं वाटत होतं, इतकं की कमळाकरला त्याचाही राग आला. नव्या नवरीने सासूला स्वयंपाकघरात गाठून विचारलं होतं. सासूने आधी कानांवर हात ठेवले, मग तिचे हात धरले. म्हणाली, त्याला बाप मिळालाय, आता काढून घेऊ नकोस. म्हणून मालूने घेतला नाही. फक्त दर पितृपक्षात तो फोटोला हार आणायचा तो ती काही ना काही कारण काढून देवांना घालायची, जिवंत माणसाला हार घालू देणार नाही म्हणून, आणि घरात त्यावरून भांडणं व्हायची. वडील गाडी चालवत नव्हते. भाताच्या गिरणीत तराजूवर असत. गाडीसुद्धा फोटोवाल्याने निवडली, कारण खुर्चीवाला कोट या चेहऱ्याला बसेना.

कमळाकर ऐकत होता आणि त्याचा संशय एकेकाला सोडत होता, शैलेशला, अंकिताला, मालूला, आणि उरलेला सगळा जाऊन आईवर बसत होता. आईने आपल्याला फसवलं. बाप म्हणून आपल्यालाच आपल्यापुढे उभं केलं आणि पाया पडायला लावलं. मग अचानक त्याला दुसरंच काही हवंसं झालं. आईने त्यांना निदान बघितलं तर होतं.

"मग ते दिसायचे कसे? तुला काही सांगितलं असेल ना तिने."

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "त्यांनाही आठवत नव्हतं हो. अठरा-एकोणीसच्या वयात सगळं संपलं. घरात सासू, दोन जावा. नवऱ्याकडे मान वर करून बघायची पद्धत नव्हती. बाजारात जायचं, देवळात जायचं, तर त्यांच्या मागून चालायचं. मला पाठ आठवते म्हणायच्या. चेहरा नाही. पाठ मात्र हजार माणसांत ओळखीन."

कमळाकरने पाण्याचा घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. आईचं शेवटचं दुखणं याच घरात झालं होतं, आतल्या खोलीत. जुन्या पनवेलमधली खोली विकून हा फ्लॅट घेतलेला तिला आवडला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. तो पलंगापाशी जाऊन बसला की ती म्हणायची, खिडकीकडे तोंड करून बस. तो बसायचा. तो वळून काही बोलायला गेला की म्हणायची, तसाच बस, वळू नकोस. तिला आपलं तोंड बघायचं नाही, एवढा राग तिने खोलीसाठी धरलाय, असं समजून तो तासन् तास तिच्याकडे पाठ करून बसला होता आणि आतल्या आत जळत होता. ती गेली त्यानंतरही त्याने तिला त्याबद्दल माफ केलं नव्हतं. आता त्याला तिचा श्वास पाठीवर आठवला आणि त्याला तो ऐकत बसावंसं वाटलं. पण ती तेव्हा कुणाला बघत होती, आपल्याला की त्यांना, हे विचारायला जागा नव्हती, आणि विचारता आलं असतं तरी ती खरं बोलली असती की नाही याचा भरवसा त्याला उरला नव्हता.

तो उठला. फ्रेम चादरीसकट सोफ्यावर तशीच होती, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. बाल्कनीचं दार सरकवून बाहेर गेला आणि घराकडे पाठ करून उभा राहिला. खाली दुपारच्या उन्हात रस्ता रिकामा होता.

"माझा एक फोटो काढ," तो न वळता म्हणाला. "असाच. मागून."

त्याचाच मोबाइल घेऊन मालू हॉलच्या मध्यावर उभी राहिली. खांदे थोडे सोडा, म्हणाली. त्याने सोडले. मग ती जवळ आली आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला, पण त्याने तो हाताने बाजूला केला. मी बघून काय करू, तो म्हणाला, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. मालूने स्वतः फोटोकडे पाहिलं, बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला. तो फोटो बघून हो किंवा नाही म्हणू शकेल अशी एकच बाई होती आणि ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. मालू मोबाइल हातात धरून तशीच त्याच्या मागे उभी राहिली.